आजीच्या शब्दांना वर्गात जागा द्या

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा आला की मोबाइलवर याद्या फिरायला लागतात. फडताळ, कोनाडा, माजघर, शिंकाळं, घंगाळ, ओगराळं, रोवळी, सांडशी. खाली प्रश्न असतो, 'यातले किती शब्द तुम्ही आजीच्या तोंडून ऐकलेत?' २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन उलटला की याद्या थंडावतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा त्या पुन्हा वर आल्या. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला, त्यावर महाराष्ट्रभर रान उठलं आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या दिवसांतही त्याच याद्या आणि त्याच दोन आरोळ्या ऐकू आल्या. एक आरोळी अशी की नव्या पिढीनं भाषेची माती केली, आजीबरोबर आजीचे शब्दही गेले. दुसरी अशी की वस्तू गेल्या तसे शब्द गेले, सगळीकडे हेच होतं, त्यात ऊर बडवण्यासारखं काय आहे?

या दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर मनोमन एकमत आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्याच गोष्टीबद्दल आहे. आजीचे शब्द म्हणजे सरलेल्या काळाचा ऐवज, असं दोघांनीही गृहीत धरलं आहे. एकाला तो जपून ठेवायचा आहे, दुसऱ्याला घराबाहेर काढायचा आहे. माझं म्हणणं असं, की यातले बरेचसे शब्द कालबाह्य झालेलेच नाहीत. त्यांचं काम आजही शिल्लक आहे. पण ते बोलणाऱ्याला आपण शाळेत, कचेरीत, दवाखान्यात गावंढळ ठरवलं, आणि त्या लाजेनं माणसांनी आपल्याच घरातले शब्द गिळून टाकले. त्यामुळं याद्यांनी काही साधणार नाही. वर्गात, उत्तरपत्रिकेत, सरकारी कागदावर आणि डॉक्टरांच्या टेबलासमोर या शब्दांना मान मिळाला, तरच काही होईल.

वस्तू गेली की शब्द जातो, हा मुद्दा आधी घेऊ, कारण तो खोटा नाही. घरात नळ आला, गीझर आला, मग बंब आणि घंगाळ हे शब्द पोरांना कुठून माहीत असणार? फ्लॅटमध्ये माजघर नसतं आणि परसूही नसतं. या शब्दांसाठी पोरांना दोष देणं अन्यायाचं आहे, आणि परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारून त्यांना खजील करणं त्याहून वाईट. ज्ञानेश्वरीतले कितीतरी शब्द आज टीपा वाचल्याशिवाय कळत नाहीत. सातशेहून अधिक वर्षांत भाषा बदलली, आणि तिनं बदलायलाच हवं होतं. हे सगळं मान्य. पण वस्तू गेली म्हणजे शब्द जातोच, हा नियम मात्र खरा नाही. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि आणे हिशेबातून गेले. तरी आजही माणूस 'सोळा आणे खरं' म्हणतो, आणि 'चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला' ही म्हण ज्यांनी आणा कधी पाहिलाही नाही, त्यांच्या तोंडी आहे. दुष्काळ ठरवण्यासाठी पिकांचा अंदाज बांधतात, त्याला सरकारनं पैसेवारी असं नाव दिलं. शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो. तोळा तर चालू बाजारात उभा आहे. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफ दहा ग्रॅमला तोळा म्हणतो. माप बदललं, नाव टिकलं. आड बुजले, पोहरे गंजले, तरी 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' हे सांगायला कुणी अडत नाही. उखळ नाही, मुसळ नाही, पण 'उखळात डोकं घातल्यावर मुसळाची भीती कशाला' हे आजही ऑफिसात ऐकू येतं.

आता याच्या उलट बघा. पाऊस काही कुठं गेलेला नाही. तो आजही मृगाला येतो किंवा हुलकावणी देतो, पुनर्वसूत झोडपतो, हस्तात गडगडाट करत कोसळतो. आमच्या आजीच्या पिढीला पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा वाटायचा. चार-चार दिवस उसंत न देणाऱ्या पावसाला वऱ्हाडात झड म्हणत, अजून म्हणतात. मधेच आभाळ निवळलं की ती उघडीप. मेघगर्जना करत अवेळी येतो तो वळीव. भुरभुर वेगळी, रिपरिप वेगळी, सर वेगळी. मग बातमीतला निवेदक 'पावसाची दमदार बॅटिंग' एवढं एकच वाक्य दर जूनमध्ये का म्हणतो? दुखणंही कुठं गेलेलं नाही. जी वस्तू रोज अंगाखांद्यावर आहे, तिचेही शब्द उतरणीला लागले असतील तर 'वस्तू गेली म्हणून शब्द गेला' हे उत्तर अपुरं आहे. कारण दुसरीकडं शोधायला हवं.

ते कारण मी स्वतः शाळेत पाहिलं. माझी आजी अकोल्याजवळच्या एका खेड्यातली. तिच्या बोलण्यात वावर म्हणजे शेत होतं, धुरा म्हणजे बांध होता, पऱ्हाटी म्हणजे कापसाचं झाड होतं. झोपाळ्याला ती बंगई म्हणायची, पिठल्याला चून, आणि आंघोळ न करता 'आंग धुवायची'. ऐपत नसताना रुबाब करणाऱ्याबद्दल म्हणायची, 'घरात नाही दाना अन् मले बाजीराव म्हणा.' हे सगळं घेऊन आम्ही शाळेत गेलो. वर्गात कुणी 'काहून' म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा, हसणाऱ्यांची आजीही घरी 'काहून' म्हणत असली तरी. शिक्षक शांतपणे दुरुस्त करायचे, 'का म्हणायचं.' त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण आठ वर्षांच्या मुलाला त्यातून जे कळतं ते एवढंच, की घरी बोलतात ते चुकीचं आहे. आणि घरी कोण बोलतं? माय बोलते, आजी बोलते. आजी शाळेत आलीच तर तिनं तोंड उघडू नये असं वाटणारी मुलं आमच्या वर्गात होती. इंग्रजी तेव्हा आमच्या गावात पोचलीही नव्हती. जे नुकसान झालं ते मराठीच्या तासाला, मराठीच्याच नावानं झालं.

प्रमाणभाषा म्हणून आपण जी मराठी शिकतो ती काही आभाळातून पडलेली नाही. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. त्याच सुमारास सरकारी शाळांची क्रमिक पुस्तकं तयार होत होती, मेजर थॉमस कँडी भाषांतरांवर हात फिरवत होते, आणि पुण्याच्या शिकलेल्या वर्गाची बोली हळूहळू 'शुद्ध' ठरत गेली. त्यात कुणाचं कारस्थान होतं असं मी म्हणत नाही. छापायचं तर कुठलं तरी एक रूप धरावंच लागतं. पण रूप धरणं आणि बाकीच्या रूपांना अशुद्ध म्हणणं यात अंतर आहे, आणि ते अंतर आपण राखलं नाही. जोतीराव फुले शेतकऱ्यांच्या, माळी-कुणब्यांच्या बोलण्यातली भाषा लिहीत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. १८८५ मध्ये पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली, तेव्हा जोतीरावांनी जायचं नाकारलं आणि 'घालमोडे दादा' अशा ठणठणीत शब्दांत आपलं म्हणणं लिहून कळवलं. आज ग्रंथकार सभेचं ते संमेलन लोकांना बहुतेक या पत्रामुळंच आठवतं. भाषेच्या शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी त्या प्रसंगाचा विचार करावा. ज्याची भाषा गावंढळ ठरवली, त्याचेच शब्द टिकले. मग शुद्ध-अशुद्धाचा निवाडा नेमका कशाच्या आधारावर चालला होता?

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा. प्रमाणभाषा ही गरिबाच्या मुलाची शिडी आहे. गडचिरोलीच्या मुलीला मुंबईत नोकरी हवी, न्यायालयात अर्ज करायचा आहे, स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. तिला बोलीत कोंडून ठेवाल तर श्रीमंतांची मुलं पुढं जातील आणि ती मागं राहील. बोलीचं कौतुक करणारे बहुतेक जण स्वतः प्रमाण मराठीत, किंवा इंग्रजीत, पोट भरतात. हे म्हणणं मला शंभर टक्के पटतं, आणि जो ते हसण्यावारी नेतो त्यानं खेड्यातलं एखादं हुशार पोर मुलाखतीत अडखळताना पाहिलेलं नसावं. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, उत्तम आली पाहिजे. पण ती येण्यासाठी आजीची भाषा पुसावी लागते, हे कुणी सिद्ध केलंय? मुलगा दोन भाषा शिकतो तेव्हा एकीच्या जागी दुसरी बसत नाही, दोन्ही राहतात. मराठी माणूस मुंबईच्या लोकलमध्ये हिंदी बोलतो, घरी मराठी बोलतो, आणि कुठं काय बोलायचं यात गोंधळत नाही. मग आजीची वऱ्हाडी आणि पुस्तकातली मराठी एका डोक्यात का राहू नयेत? शिक्षकानं एवढंच म्हणायचं आहे, 'घरी आपण काहून म्हणतो, पुस्तकात का लिहितात, दोन्ही मराठीच.' या एका वाक्यानं प्रमाणभाषा शिकायला एक दिवसही जास्त लागणार नाही. उलट ज्याच्या घरच्या भाषेला नावं ठेवली जातात, ते पोर वर्गात गप्प बसतं. आणि गप्प बसलेलं पोर कुठलीच भाषा शिकत नाही. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत शक्य तिथं घरची भाषा वापरा म्हणतं. वऱ्हाडातल्या घरची भाषा वऱ्हाडीच आहे, खानदेशातल्या घरची अहिराणी किंवा लेवा, भंडारा-गोंदियाकडची झाडी. धोरणातला तो शब्द गांभीर्यानं घेतला तर हा वाद निम्मा मिटतो.

बोलीतले शब्द अचूक नसतात, शास्त्राला आणि कारभाराला ते पुरत नाहीत, असंही एक म्हणणं असतं. याला शेती खात्यानंच उत्तर दिलं आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं विदर्भातला कापूस फस्त केला. त्यानंतर कृषी विभागानं आणि विद्यापीठांनी शेतकऱ्यांना जी सूचनापत्रं दिली, त्यांत दोन शब्द पुन्हा पुन्हा आले: फरदड आणि डोमकळी. हंगाम संपल्यावर पऱ्हाटी न उपटता पाणी देऊन पुन्हा बोंडं घ्यायची, त्याला फरदड म्हणतात. अळी त्यातच पुढच्या हंगामापर्यंत तग धरते, म्हणून 'फरदड घेऊ नका' हा संदेश महत्त्वाचा. अळी आत शिरलेली कळी नीट उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखी मिटलेली राहते, ती डोमकळी. ती दिसली की तोडून नष्ट करायची. हे शब्द शास्त्रज्ञांनी बनवले नाहीत, कापूस वेचणाऱ्या हातांनी बनवले. तसाच वापसा. पावसानंतर जमीन चिखल राहिली नाही आणि कोरडीही पडली नाही, औत घालायला आणि बी पेरायला बरोबर झाली, त्या स्थितीला वापसा म्हणतात. त्याच्या जागी संस्कृत जोडशब्द बसवून पाहा. शेतकऱ्याला तो कळणार नाही, आणि अधिकाऱ्यालाही शेताच्या धुऱ्यावर उभं राहून तो वापरता येणार नाही. हा शब्द आजही जोमात आहे, कारण एका सरकारी खात्याला त्याची गरज पडली आणि त्यानं तो लाज न बाळगता छापला. पश्चिम महाराष्ट्रात कोळपणी म्हणतात, विदर्भात डवरणी. तिकडं कुळवणी, इकडं वखरणी. ज्या जिल्ह्यासाठी पत्रक, त्या जिल्ह्याचा शब्द घालता येतो, आणि तसं केल्यानं मराठीचे तुकडे पडलेले नाहीत.

मग हेच दवाखान्यात का होऊ नये? आजीच्या पिढीला दुखण्याचे जितके शब्द येत, तितके आपल्याला येत नाहीत. बोटाला नखुरडं होऊन नाडीच्या ठोक्यागणिक दुखतं तो ठणका. पोटात येते, ओसरते, पुन्हा येते ती कळ. बाळंतपणाच्या त्या कळा. सर्रकन जाते ती चमक. वाकताना पाठीत धरते ती उसण. पोट पिळवटून शौचाला लावतो तो मुरडा. तापमापकात फारसं काही दिसत नाही, पण अंग मोडून येतं, ती कणकण. उभं राहताना डोळ्यांपुढं येते ती अंधारी, आणि गरगरतं ती घेरी. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला काहीतरी वेगळं सांगतो. कळ म्हटलं की ती लाटेसारखी येते-जाते हे आलंच. ठणका म्हटलं की आत पू धरलाय का हे बघायला हवं. म्हातारी बाई हे सगळं नेमकेपणानं सांगते, समोरचा तरुण डॉक्टर, तोही मराठी घरातला, विचारतो, 'म्हणजे दुखतं ना?' ती 'हो' म्हणते. तिनं दिलेली माहिती तिथंच सांडते. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या पायाभूत टप्प्यात स्थानिक भाषेची ओळख ठेवली आहे, ही चांगली गोष्ट. पण ती ओळख 'तुमचं नाव काय, वय काय' एवढ्यावर थांबू नये. त्या त्या जिल्ह्यातल्या दुखण्यांचे शब्द तिथं शिकवले पाहिजेत. मला हा मुद्दा सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो, कारण इथं शब्द हरवला तर निदान चुकू शकतं, आणि त्याची किंमत जिला शब्द येत होता तीच मोजते.

जुन्या म्हणींबद्दलचा आक्षेपही टाळून चालणार नाही. आपल्या म्हणींच्या भांडारात विष पुष्कळ आहे. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण कुणाला उद्देशून वापरली गेली हे सगळ्यांना ठाऊक आहे: बायकांना, आणि खालच्या मानलेल्या जातींना. विधवेवर, वांझ म्हटल्या गेलेल्या बाईवर, आंधळ्या-पांगळ्यांवर, जवळजवळ प्रत्येक कष्टकरी जातीवर डंख मारणाऱ्या म्हणी आहेत, आणि त्या प्रेमळ आज्यांच्याच तोंडून आल्या आहेत. त्यामुळं 'आजीच्या म्हणी जपा' ही सरसकट हाक मला मंजूर नाही. आजीवर प्रेम असणं म्हणजे तिच्या काळाचा अन्याय मिरवणं नव्हे. अशा म्हणी कोशात राहाव्यात, त्या कशासाठी वापरल्या जात हे लिहून राहाव्यात, कारण त्या पुसल्या तर तो अन्याय झाल्याचा पुरावाही पुसला जाईल. पण त्या पाठ्यपुस्तकात नकोत आणि भाषणाला फोडणी म्हणूनही नकोत. मात्र या कारणानं सगळ्या जुन्या म्हणीच मोडीत काढायच्या म्हणणारेही घाई करतात. 'ज्याचं जळतं त्याला कळतं' ही म्हण सोसणाऱ्यानंच घडवलेली आहे. 'दुष्काळात तेरावा महिना' ही ज्यानं महिन्याचं धान्य मोजून ठेवलं होतं आणि अधिक मास आल्यावर ज्याचं कणिंग रिकामं झालं, त्याची आहे. जात्यावर बसून ओव्या गाणाऱ्या बायकांनी सासरच्या जाचाबद्दल जे बोलून ठेवलं, ते त्या काळच्या कुठल्याही पंडितानं लिहिलं नाही. निवड करायची तर ती माणसांच्या बाजूनं करू. पण निवडण्याआधी ऐकून तर घेऊ.

याद्या फिरवणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे, कारण माझं त्यांच्याशीही पटत नाही. त्यांच्या यादीतले शब्द जवळजवळ सगळे एकाच प्रकारच्या घरातले असतात: वाडा, माजघर, मुदपाकखाना, देव्हारा. त्यात तिफण नसते, वखर नसतो, खानदेशातल्या कळण्याच्या भाकरीचा कळणा नसतो, वऱ्हाडातले रोडगे नसतात. दर वेळी एकाच वर्गाची आजी महाराष्ट्राची आजी म्हणून पुढं केली जाते. आणि त्यांच्या मनातली आजी 'शुद्ध' बोलणारी असते. प्रत्यक्षात कुठलीच आजी शुद्ध बोलत नव्हती. तिची बादली, परात, घमेलं, चावी, बिजागरी हे शब्द पोर्तुगिजांकडून आले. पगार आणि लिलावही त्यांचेच. तिचा दिवाणखाना फारसी. तिच्या पानाच्या तबकातला अडकित्ता कानडी. आजीनं जे कानावर पडलं ते घेतलं, वाकवलं, आपलं केलं. परका शब्द आला म्हणून तिची मराठी बुडाली नाही. म्हणून नातीच्या बोलण्यात इंग्रजी शब्द आला की कपाळावर आठ्या घालणारे लोक आजीच्या परंपरेचे वारस नाहीत, असं मी म्हणेन.

वरून हुकूम काढून शब्द बसवण्याचा प्रयोग आपल्याकडं साडेतीनशे वर्षांपूर्वी झालेला आहे, तोही शिवाजी महाराजांसारख्या कर्त्या राजाकडून. राज्यकारभारात फारसीची दाटी झाली होती, ती कमी करण्यासाठी त्यांनी रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याला मुख्य प्रधान, मुजुमदाराला अमात्य, सुरनीसाला सचिव, डबीराला सुमंत, सरनौबताला सेनापती म्हणायचं ठरलं. त्यामागं स्वराज्याचा स्वाभिमान होता आणि तो मोलाचा होता. अमात्य, सचिव, सेनापती हे शब्द रुजलेही. पण पुढं शंभर वर्षं ज्या पदावरच्या माणसांनी मराठी राज्य चालवलं, त्यांना शिक्क्यावर मुख्य प्रधान लिहिलं तरी लोक पेशवेच म्हणाले. राजाज्ञेनं शब्दाला दार उघडून देता येतं. आत येऊन तो नांदेल की नाही हे रोज बोलणारे ठरवतात.

शब्द गोळा करण्याचं काम राहून गेलंय, असाही एक गैरसमज आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती साठ हजारांच्या घरातले शब्द घेऊन आली. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादक मंडळानं १९३२ पासून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड काढले. त्यात वऱ्हाडी, नागपुरी, खानदेशी, गोमंतकी, कुडाळी असे प्रदेशाचे शेरे शब्दापुढं दिलेले आहेत. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीच्या कोशकारांनी वऱ्हाडी शब्दाला मराठीच्या घरात पाट मांडून दिला होता. अलीकडं डेक्कन कॉलेजनं गावोगाव फिरून बोलींचं ध्वनिमुद्रण केलं आणि ते लोकांसाठी खुलं ठेवलं. साठवण झाली आहे, आणि ती करणाऱ्यांचे उपकार मोठे आहेत. अडलंय ते वापरावर. बहिणाबाई चौधरींचं उदाहरण घ्या. आसोद्याची, अक्षरओळख नसलेली शेतकरी बाई. शेतात, जात्यावर लेवा बोलीत गात राहिली, मुलानं टिपून ठेवलं, आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ते छापलं गेलं तेव्हा सगळा महाराष्ट्र थक्क झाला. आज तिच्या कवितेवर परीक्षेत प्रश्न येतो. पण त्याच परीक्षेत जळगावच्या मुलीनं उत्तर लिहिताना 'मला'च्या जागी 'मले' लिहिलं तर लाल शाईची रेघ ओढली जाते. बहिणाबाईला डोक्यावर घ्यायचं आणि तिच्या पणतीला खोडायचं, हे कुठल्या न्यायात बसतं?

टीव्हीवर, सिनेमात हेच चालतं. वऱ्हाडी, मालवणी, कोल्हापुरी बोलणारं पात्र बहुतेक वेळा नोकर, भोळा किंवा विनोदी. प्रेम करणारा, विचार करणारा नायक प्रमाण बोलतो. मालवणी रंगभूमीनं आपल्या बोलीला मोठ्या दिमाखात उभं केलं, हे मी विसरत नाही. पण हसवण्यासाठी बोली चालते आणि गंभीर बोलण्यासाठी चालत नाही, ही वाटणी मुलांच्या मनात खोल जाते. अशा वागण्याचे परिणाम काय होतात, ते आपण गोव्यात पाहिलं आहे. 'कोकणी म्हणजे मराठीची एक बोली, तिला कसलं साहित्य' असं किती जणांनी किती तुच्छतेनं म्हटलं! भाषाशास्त्राचा वाद बाजूला ठेवा. त्या सुरानं माणसं दुखावली. साहित्य अकादमीनं १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र भाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत गेली, आणि ते योग्यच झालं. मराठीच्या अभिमान्यांनी त्यातून शिकायचं ते हे, की ज्याच्या बोलीला कमी लेखाल तो तुमच्या भाषेच्या झेंड्याखाली फार काळ उभा राहत नाही. हिंदीच्या सक्तीविरुद्ध रस्त्यावर उतरताना आपण म्हणालो, आमच्या मुलांवर परकी भाषा लादू नका. नंदुरबारच्या, मेळघाटच्या, चंद्रपूरच्या मुलानं हेच वाक्य आपल्या प्रमाण मराठीकडं बोट दाखवून म्हटलं, तर आपल्याकडं उत्तर आहे?

मागणी करायची ती थोडी आणि नेमकी. राज्य मंडळानं मराठीच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना लेखी सूचना द्यावी, की निबंधात, संवादात, स्वतःच्या अनुभवाच्या लेखनात बोलीतला शब्द किंवा रूप आलं तर गुण कापू नयेत. अर्ज, सारांश, औपचारिक पत्र यांत मात्र प्रमाणलेखनाचाच आग्रह धरावा. विद्यार्थ्याला कुठं काय वापरायचं हे कळतं का, हेच तपासायचं आहे. शिक्षकांच्या डी.एल.एड. (पूर्वीच्या डी.एड.) अभ्यासक्रमात ज्या जिल्ह्यात शिकवायचं त्या जिल्ह्याची बोली समजून घेण्याचा भाग असावा. नाशिकचा शिक्षक अहेरीला जातो तेव्हा त्याला तिथल्या मुलांचं बोलणं कळायला निदान सुरुवात तरी मिळावी. जिल्हा रुग्णालयांनी आपल्या भागातले दुखण्याचे शब्द एका पानावर लिहून नव्या डॉक्टरांच्या हाती द्यावेत. ते पान लिहायला परिचारिका आणि आशा कार्यकर्त्या पुरेशा आहेत, त्यांना हे शब्द रोज ऐकू येतात. आणि चौथी-पाचवीच्या वर्गात वर्षातून काही तास असे असावेत, की मुलांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना पाऊस, पीक, स्वयंपाक, दुखणं यांचे शब्द विचारून आणायचे, आणि त्यात जो शब्द शिक्षकांना माहीत नसेल तो मुलानं शिक्षकांना समजावून सांगायचा. यातल्या एकाही गोष्टीला नवी इमारत लागत नाही, आणि पहिली गोष्ट तर येत्या बोर्डाच्या परीक्षेआधी एका परिपत्रकानं होऊ शकते.